प्लॉट घेताय? मग सातबारा तुम्हीच वाचा

मैत्रिणींनो, दिवाळीचा बोनस हातात पडला किंवा कापसाचे पैसे आले, की आपल्या परभणीत घरोघरी एकच विषय निघतो. "एखादा प्लॉट घेऊन टाकू. पडून राहील, पोरांच्या कामी येईल." जिंतूर रोडला जा नाहीतर वसमत रोडला, गंगाखेड रोडला जा नाहीतर पाथरी रोडला, शेतात चुन्याच्या रेघा मारलेल्या आणि कडेला रंगीत फलक. यजमान रविवारी मित्राच्या गाडीवरून बघून येतात, चहा पिता पिता कौतुकानं सांगतात आणि मग हळूच विचारतात, "तुझ्या पाटल्या लॉकरमध्येच आहेत ना?"

तेव्हा आजचं हे सदर त्या पाटल्यांच्या वतीनं.

जमीन घेऊच नका, असं मी म्हणणार नाही. "बनी तो बनी, नहीं तो परभणी" असं आपणच हसत हसत म्हणतो, पण गाव वाढतंय हे खरं आहे. १९७२ साली कृषी विद्यापीठ आलं, २०११ मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली, २०२३ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. छत्रपती संभाजीनगर ते परभणी रेल्वेमार्ग दुहेरी करायला २०२५ मध्ये मंजुरी मिळाली. मात्र गाव वाढतंय म्हणजे ते आपल्याच प्लॉटच्या दिशेनं वाढणार, असं कुणी लिहून दिलेलं नाही.

सध्या विकणाऱ्यांच्या तोंडी महामार्गाचा मंत्र आहे. समृद्धीला जोडणारा जालना–नांदेड द्रुतगती मार्ग आपल्या जिल्ह्यातून आखलेला आहे. "ताई, हायवे टच आहे!" म्हणतात. आता असं बघा, द्रुतगती मार्गाला आपल्या साध्या रस्त्यासारखं कुठूनही चढता-उतरता येत नाही. त्याला ठरावीक ठिकाणीच वाट असते, बाकी दोन्ही बाजूंनी कुंपण. म्हणजे प्लॉट रस्त्याला खेटून असला, तरी गाडी फक्त आवाजाला ऐकू येणार. उतरायची जागा प्लॉटपासून किती लांब आहे, हे विचारा. आणि तो गट भूसंपादनात जाणार आहे का, याची चौकशी विकणाऱ्याकडे नको, सरकारी कार्यालयात करा.

दुसरं, पैशाचं गणित. व्याजाच्या दरानं ७२ ला भागलं, की रक्कम साधारण किती वर्षांत दुप्पट होते ते कळतं. सात टक्क्यांनी ठेव ठेवली तर दहा वर्षांच्या जरा वर. तेव्हा दहा वर्षांत दुप्पट झालेला प्लॉट म्हणजे बँकेतल्या ठेवीइतकाच. त्यातून मुद्रांक शुल्क, नोंदणी, मोजणी, तारेचं कुंपण वजा करा. खरेदीच्या वेळी किमतीच्या सहा-सात टक्के तरी वेगळे ठेवावे लागतात, हे सांगायला सगळे विसरतात. शिवाय सोनं एका दुपारी गहाण पडतं. प्लॉटला गिऱ्हाईक मिळायला दोन वर्षंही लागतात, आणि घरातलं आजारपण काही तेवढं थांबत नाही. म्हणून मुलीच्या फीचे नि दवाखान्याचे पैसे यात घालू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता कागद. इथं जरा सावकाश वाचा.

माझ्या ओळखीच्या एक शिवणकाम करणाऱ्या बाई आहेत. भिशीचे पैसे आणि गळ्यातली एकदाणी मोडून त्यांनी एक गुंठा घेतला. गुंठा म्हणजे तेहेतीस फूट लांब, तेहेतीस फूट रुंद, १०८९ चौरस फूट. कागद काय मिळाला? बाँडपेपरवर लिहून नोटरीचा शिक्का मारलेला. शिक्का लाल, सही झोकदार, बाईंना वाटलं झालं काम. आठ वर्षांनी घर बांधायला कर्ज काढायला गेल्या, तर बँकेनं विचारलं, खरेदीखत कुठे आहे? सातबाऱ्यावर अजून त्याच शेतकऱ्याचं नाव. ते वारलेले, खाली मुलांची नावं लागलेली, आणि एका मुलीनं कोर्टात दावा लावलेला, की मला न विचारता वडिलोपार्जित शेत विकलं. बाईंनी पैसे चोख दिले होते. पण नोटरीच्या कागदानं जमीन आपली होत नाही. त्यासाठी दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं खरेदीखतच लागतं.

गुंठ्यानं शेत का स्वस्त मिळतं, ते यातच आलं. शेताचे एवढे लहान तुकडे विकायला १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याचा अडसर आहे, आणि शेतजमीन घेणाराही शेतकरी असावा लागतो. विकणारे म्हणतात, "होईल की नियमित." गुंठेवारीचा कायदा २००१ चा आहे, आणि २०२१ च्या दुरुस्तीनं त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीसाठी वाढवली. २०२५ मध्येही तुकड्यांचे जुने व्यवहार नियमित करायला सरकारनं वाट काढली. पण या सगळ्या सवलती जुन्या व्यवहारांना होत्या. पुढेही अशीच मिळेल, या आशेवर आज पाटल्या मोडायच्या का? मी तर नाही मोडणार.

तेव्हा पहिला प्रश्न, "रेखांकन मंजूर आहे का?" मंजूर नकाशाची प्रत मागा, त्यात रस्ते आणि मोकळी जागा दाखवलेली असते. आठपेक्षा जास्त प्लॉट आणि पाचशे चौरस मीटरहून मोठी जागा असेल, तर महारेराचा नोंदणी क्रमांक हवा. तो जाहिरातीतही छापावा लागतो. नसेल तर का नाही ते विचारा. नंतर सातबारा. हल्ली तो मोबाईलवरही निघतो, तेव्हा "मी आणून दाखवतो" ही सबब चालू द्यायची नाही. नाव विकणाऱ्याचंच आहे का, ते बघा. 'भोगवटादार वर्ग २' असं लिहिलं असेल तर सरकारी परवानगीवाचून ती जमीन विकता येत नाही. आपल्या मराठवाड्यात निजामाच्या काळापासूनच्या देवस्थानाच्या नि वक्फच्या इनामी जमिनीही आहेत, त्यांच्या नादी तर लागूच नये. सगळ्यात महत्त्वाचा रकाना 'इतर हक्क'. बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा, कूळ, कोर्टाची नोंद, सगळं तिथं सापडतं. मागच्या तीस वर्षांचे व्यवहार वकिलाकडून शोधून घ्या. वकील आपला, विकणाऱ्यानं सुचवलेला नको. इसार चेकनं द्या. वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख आयकराच्या कायद्याला मंजूर नाही आणि आपल्याही हिताची नाही.

आणि बहिणींच्या सह्या. महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून हिंदू कुटुंबातल्या मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क आहे. विकणाऱ्याच्या बहिणींची संमती नसेल तर पुढचा दावा तुमच्या उंबऱ्यावर येतो. हे लिहिताना एक गंमत मनात येते. विकणाऱ्याच्या बहिणीची सही आपण डोळ्यात तेल घालून बघू, आणि भाऊबीजेला भावानं पुढे केलेल्या हक्कसोड पत्रावर न वाचता सही करून साडीचोळी घेऊन येऊ! द्यायचा असेल तर भावाला हक्क जरूर द्या. पण वाचून, ठरवून द्या.

जमीन बघायला स्वतः जा, आणि शक्य असेल तर दोनदा. वैशाखात आपल्या काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसाळ्यात तीच माती फुगते. म्हणूनच इथं पाया खाली मुरूम लागेपर्यंत न्यावा लागतो आणि खर्च वाढतो. मुरूम किती फुटांवर लागला, हे शेजारी बांधकाम करणाऱ्या गवंड्याला विचारा, तो खरं सांगतो. श्रावणात गेलात तर पाणी कुठे तुंबतं नि चिखलातून स्कूटर जाते की नाही, ते दिसेल. शेजारच्या बोअरला मे महिन्यात पाणी असतं का, हे तिथल्या बायकांना विचारा. ही माहिती पुरुषांना कधीच नसते.

राहता राहिलं नाव. पाटल्या तुमच्या, भिशी तुमची, आणि खरेदीखतावर मात्र फक्त ह्यांचं नाव, असं आपल्याकडे सर्रास चालतं. भांडण नको, पण बोलायला हवं. खरेदीखतात दोघांची नावं घालायला वेगळा खर्च येत नाही, आधार आणि पॅन बरोबर न्यायचं एवढंच. तुमच्या नावावर घेतलेली मिळकत १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं पूर्णपणे तुमची. सासूबाई काय म्हणतील, असं काहीजणी पत्रातून विचारतात. त्यांचंही नाव कुठल्या कागदावर नव्हतं, हे त्यांना आठवत असेलच. एकदा शांतपणे विचारून तर बघा.

खरेदीखत झालं की आठवडाभरात सूची क्रमांक दोनची प्रत घ्या आणि तलाठ्यांकडे, आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, फेरफार लागला का ते विचारा. हरकतीची पंधरा दिवसांची मुदत संपली की नवा सातबारा काढून नाव, क्षेत्र नि गट नंबर खरेदीखताशी ताडून बघा. नावातली वेलांटी चुकली असेल तर तेव्हाच दुरुस्त होते. मग भूमी अभिलेखकडून मोजणी, चार कोपऱ्यांना दगड, आणि वर्षातून दोनदा तरी तिकडे एक चक्कर. संक्रांतीला वाण द्यायला म्हणून निघालात तरी चालेल, पण जा.