खाऊगल्लीच्या पलीकडची मिरज

रमजान निम्मा सरला की सांगलीतल्या मित्रांचे मिरजेतल्या मित्रांना फोन सुरू होतात. "यंदा कधी बोलावतोस?" शाळेत एका बाकावर बसलेली ही मंडळी. आता कोणी बँकेत, कोणी दुकानात, कोणी पुण्याहून सुट्टीला आलेला. रात्री नऊनंतर गाड्या निघतात. कबाब, सामोसे, मालपुवा, फालुदा, शेवटी चहा आणि मोबाइलवर चार फोटो. अकराला सगळे परत. "मस्त झालं" म्हणतात आणि पुढचे अकरा महिने त्या गल्लीत पाऊल पडत नाही.

यात वाईट काही नाही. एकत्र खाणे ही ओळखीची पहिली पायरी आहे. पण दरवर्षी त्याच पायरीवरून परत फिरायचे का?

याच जुन्या मिरजेत ख्वाजा शमना मीरासाहेबांचा दर्गा आहे. उरुसात पहिल्या गलेफाचा मान चर्मकार समाजाचा. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ १९३७ मध्ये गेले, त्यांची कबर याच आवारात आहे आणि त्यांच्या आठवणीत उरुसात संगीतसभा होते. खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व आणि त्यांचे शिष्य भीमसेन जोशी. पुण्यात सवाईच्या तिकिटासाठी रांगेत उभा राहणारा मित्र मिरजेत येऊन फालुदा खातो आणि त्या कबरीपर्यंत न जाता परततो.

सतारमेकर गल्लीचेही तेच. हत्यारांना धार लावणे हा शिकलगारांचा पिढीजात धंदा. एकोणिसाव्या शतकात तलवारीचे काम कमी झाले, तेव्हा त्यांच्यातल्या कारागिरांनी पंढरपूरकडच्या भोपळ्यांपासून तंबोरे आणि सतारी घडवायला घेतल्या. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. देशभरातल्या मैफलींत इथले तंबोरे वाजतात. आपल्याच मित्राच्या मोहल्ल्याची ही ओळख आपल्याला नसावी, याचे वाईट वाटायला हवे.

ही केवळ माहितीची गोष्ट नाही. सप्टेंबर २००९ मध्ये, ऐन गणेशोत्सवात, मिरजेत दंगल पेटली आणि संचारबंदी लागली. तेव्हा शाळेत असलेली पोरे आज तिशीत आहेत. त्या दिवसांत कोणाच्या गल्लीत काय चालले आहे, हे ज्याला त्याला अफवेतूनच कळत होते. माणसे एकमेकांना फक्त वस्तीच्या नावाने ओळखू लागली की अफवेचे फावते. खाऊगल्लीत खाल्लेली प्लेट अशा वेळी उपयोगी पडत नाही. पाहिलेले घर, ओळखीची आई, नावाने हाक मारणारा शेजारी, हे उपयोगी पडतात.

म्हणून थोडे मिरजेतल्या यजमानांविषयीही बोलले पाहिजे. ते मित्राला नाक्यावर भेटतात, घरी नेत नाहीत. घर लहान आहे, आई दमली आहे, त्याला आवडेल की नाही, अशी कारणे असतात. ती खोटी नसतात. सहेरीसाठी पहाटे तीनला उठणाऱ्या बाईवर आणखी चार पाहुण्यांचे ताट लादू नये, हेही खरे. पण एक खजूर आणि एक ग्लास पाणी देण्यासाठी कोणाला चुलीपाशी उभे राहावे लागत नाही. उरलेले काम पोरांनी करावे, त्यालाही रमजानमध्ये मनाई नाही.

दुसरी गोष्ट सायलेन्सर काढलेल्या गाड्यांची. मिरज हे दवाखान्यांचे गाव. कर्नाटकातूनही रुग्ण येतात आणि त्यांचे नातेवाईक व्हरांड्यात रात्र काढतात. तरावीह चुकवून त्यांच्या खिडक्यांखालून गाड्या पळवणाऱ्यांना रोजा कळलाच नाही. रोजा नुसता पोटाचा नसतो. तो जिभेचा, डोळ्यांचा आणि हातांचाही असतो.

यंदा मित्रांनी एवढेच करावे. नऊला येण्याऐवजी सूर्य मावळण्याआधी यावे. मगरिबची अजान होईपर्यंत भरल्या ताटासमोर थांबणे म्हणजे काय, ते दस्तरखानावर बसून पाहावे. यजमान नमाजला गेला की घरातल्या वडीलधाऱ्यांशी बोलावे. तो तरावीहला जाईल तेव्हा दर्ग्याच्या आवारात बसावे, सतारमेकर गल्लीतून एक चक्कर मारावी. कबाब त्यानंतर. ते कुठे पळून जात नाहीत.

आणि हे आमंत्रण एकतर्फी राहू नये. गणपतीत त्याच मित्राला सांगलीच्या घरी जेवायला बोलवावे, एकट्याला नाही, आईबहिणींसह. उकडीच्या मोदकाच्या पाकळ्या कशा वळतात ते त्यांनाही पाहू द्यावे.

पुढे कधी एखाद्या रात्री मोबाइलवर वाईट बातमी आली, तर ती पुढे ढकलण्याआधी विचारायला एक माणूस असेल आणि त्याचे घर आपण पाहिलेले असेल.