'बाय' कुठे गेला?

मंडळी, दहावीची पोरं इंग्रजीतलं 'चेंज द व्हॉइस' कसं सोडवतात बघा. कर्म पुढे आणायचं, 'वॉज' लावायचं, क्रियापदाचं तिसरं रूप, शेवटी 'बाय'. मार्क मिळतात. पॅसिव्ह वापरायचा कशासाठी, ते राहूनच जातं.

त्यात 'पॅसिव्ह म्हणजे कर्मणी प्रयोग' असं सांगून आणखी घोळ. नाही हो! 'मुलाने भाकर खाल्ली' हा मराठीत कर्मणी, कारण क्रियापद भाकरीप्रमाणे चाललं. इंग्रजीत तेच वाक्य सरळ ॲक्टिव्ह. आणि भामरागडची बरीच पोरं घरी माडिया बोलतात. ती द्राविडी कुळातली भाषा, तिथे क्रियापद खाणाऱ्याच्या मागे जातं. म्हणजे मराठीचा कर्मणीच परका, त्यावर इंग्रजी.

इंग्रजी पॅसिव्हच्या खरं जवळचं आहे ते सरकारी कागदावरचं 'करण्यात आले'. तिथूनच शिकवा. पर्लकोटेला पूर आला की 'वाहतूक बंद करण्यात आली आहे'. ठीक आहे, कोणी बंद केली याला महत्त्व नाही, पाणी दिसतंच. पॅसिव्ह शोभतो.

आता दुसरा कागद. 'आपला वनहक्क दावा नामंजूर करण्यात आला आहे.' इथे मात्र कर्ताच सगळं काही. २००६ च्या कायद्यात ग्रामसभा, उपविभागीय समिती, जिल्हास्तरीय समिती अशा पायऱ्या आहेत. ग्रामसभेचा ठराव पटला नाही तर उपविभागीय समितीकडे, तिचा निर्णय पटला नाही तर जिल्हास्तरीय समितीकडे दाद मागायची, तीही ६० दिवसांत. नाकारला कोणी हेच लिहिलं नाही तर माणूस अर्ज कुठे टाकणार? ६० दिवस कोणत्या तारखेपासून मोजणार?

कोणी म्हणेल, शासकीय भाषा अशीच असते, निर्णय एकट्या साहेबाचा नसतो. मान्य. मग समितीचं नाव लिहा ना, दोन शब्दांचं काम.

तर गुरुजी-मॅडमना विनंती, गाईडमधली वाक्यं जरा बाजूला ठेवा. घरच्या पेटीतल्या एखाद्या कागदाची नक्कल, नावगाव गाळून, पोरांना आणायला सांगा. प्रत्येक 'करण्यात आले'खाली रेघ मारून 'कोणी?' लिहायला लावा. उत्तर कागदात नसेल तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज कसा लिहायचा, हा पुढचा तास. फी १० रुपये. बीपीएल कार्ड असेल तर तीही नाही.