साठ पट कशाला? वीस पुरे!

साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनला कंपाउंड धनुर्विद्येत जगज्जेते झाले. दोघांचाही सराव साताऱ्याचा. सातारा आपल्याला काही परका नाही. तेव्हापासून ओळखीच्या घरांतून धनुष्यबाणाची चौकशी होतेच, पण आता पुढचा प्रश्न येतो : “सर, मुलीला दुर्बीण घ्यायची आहे. किती पटीची घेऊ?”

आधी ती लागते का, ते पाहू. मूल अजून तीस मीटरवर नेम धरत असेल तर घरातली साधी दोन डोळ्यांची दुर्बीण, आठ किंवा दहा पटीची, भरपूर झाली. खरी गरज पुढे पडते. कंपाउंडचं अंतर ५० मीटर, रिकर्व्हचं ७०. सत्तर मीटरवरचं लक्ष्य १२२ सेंटिमीटर व्यासाचं, त्यातलं दहा गुणांचं वर्तुळ १२.२ सेंटिमीटरचं, आणि बाण जेमतेम पाच-सहा मिलिमीटर जाड. एवढ्या लांबून तो नुसत्या डोळ्यांना दिसणं कठीणच. नऊ लागले की सात, हे कळलं नाही तर पुढच्या बाणाला नेम सरकवायचा कुठे?

इथं बहुतेक वडीलमंडळी फसतात. खोक्यावर ‘२०-६० × ६०’ असं छापलेलं असतं आणि साठ पट वाचून मन भुलतं. पहिले दोन आकडे पटींचे, शेवटचा पुढच्या भिंगाच्या मिलिमीटरचा. वीस पटीत सत्तर मीटरवरचं लक्ष्य साडेतीन मीटरवर असल्यासारखं दिसतं. आणखी काय हवं? भिंगाच्या आकड्याला पटीनं भागा. वीसवर डोळ्यात येणारा प्रकाशाचा ठिपका ३ मिलिमीटरचा, साठवर अवघा १. ढगाळ संध्याकाळी साठ पटीत अंधारच दिसायचा. शिवाय मे महिन्याच्या उन्हात जमिनीवरून उठणारी गरम हवा लक्ष्याला पाण्यासारखं हलवते. पट वाढवली की ते हलणंही वाढतं. वीस ते तीसच्या पुढे जाऊच नका. आपल्या घरातली अज्जी म्हणते तसं, ‘इष्टे साकु!’ (आपली ‘दुर्बीण’ आणि कन्नडमधला ‘दुर्बीनु’, दोन्ही फारसीतूनच आले. वाटणीचं भांडण नको.)

आयपीस सरळ नळीचा की तिरका? तिरकाच. स्पर्धेचा नियम असा की, नेमरेषेवर ठेवलेल्या दुर्बिणीचा सर्वांत वरचा भाग खेळाडूच्या काखेपेक्षा उंच नको. सरळ नळी तेवढी खाली ठेवली की दर वेळी कंबरेत वाकावं लागतं आणि उभं राहण्याची बसलेली ढब मोडते. तिरक्यात मान जरा खाली घातली की झालं. मुलगी चष्मा लावत असेल तर चष्म्यासकट पूर्ण गोल चित्र दिसतं का, ते तिलाच पाहू द्या. दुकानदाराच्या डोळ्यांवर विश्वास ठेवून उपयोग नाही.

पैसे उरवायचेच असतील तर पटींवर उरवा, तिपाईवर नको. लेचीपेची तिपाई वाऱ्यानं थरथरते, मग चांगलं भिंगही फुकट. आणि आपला बेळगावी पाऊस! आत नायट्रोजन भरलेली, पाणी न शिरणारी दुर्बीण घ्या, नाहीतर भिंगावर बुरशी धरते. ओली दुर्बीण पिशवीत कोंबू नये. पुसून, वाळवून, सिलिका जेलच्या पुडीसह ठेवावी.

एक गोष्ट मात्र दुकानात मिळत नाही. काही मुलं बाण सुटता सुटताच दुर्बिणीकडे वळतात. हात अजून खाली आलेला नसतो. त्यांच्यापेक्षा मागे उभे असलेले आईवडील जास्त घायकुतीला येतात : “सात! अगं, सातच लागले!” सरावात तीन बाण सोडून मग एकदा पाहायची सवय लावा. स्पर्धेत प्रशिक्षक घड्याळाच्या भाषेत सांगतात, ‘नऊ, चार वाजता’, म्हणजे बाण उजवीकडे खाली. घरच्यांनी फार तर एवढंच सांगावं, तेही तिनं विचारलं तर.

घेण्याआधी मैदानावरच्या एखाद्या जुन्या खेळाडूची दुर्बीण मागून घ्या. सत्तर मीटरवर पाच-सहा बाण रुतलेले असताना, ऊन उतरल्यावर, वीस पटीतून मुलीला प्रत्येक बाणाचे गुण सांगायला लावा, मग जवळ जाऊन ताडून पाहा. बरोबर आले, तर त्याच मापाची घ्या.