गाडी तुमची, पैसे कुणाचे?

मिरजेत दुचाकीच्या स्पेअर पार्टच्या दुकानात मी काउंटर सांभाळतो आणि हिशेब लिहितो. त्यामुळे मोहल्ल्यातला कुणी पोरगा कामाला लागला की महिन्या-दोन महिन्यांत माझ्यापुढे येऊन उभा राहतो. "भाई, कुठली गाडी घेऊ?" खरं तर गाडी त्यानं आधीच ठरवलेली असते. मोबाईलमध्ये फोटो असतो, रंगही पसंत असतो. मी फक्त मान हलवावी एवढीच अपेक्षा. मी आधी विचारतो, पैसे कुठून आणणार?

उत्तरं तीन-चारच असतात. हप्त्यावर घेणार. अम्मीच्या बांगड्या गहाण ठेवणार. अब्बांनी बहिणीच्या ॲडमिशनसाठी बाजूला ठेवलेल्यातले थोडे घेणार. आणि चौथं उत्तर हसत हसत येतं, "लग्नात मिळेलच की!"

या सगळ्यांना मी जे सांगतो तेच इथे लिहितोय. पहिली गाडी अशी घ्या, की तिच्यासाठी घरातल्या किंवा उद्या घरात येणाऱ्या कुठल्याही बाईला काही सोडावं लागू नये. सीसी, मायलेज, रंग हे सगळं त्यानंतरचं.

हप्त्यापासून सुरुवात करू, कारण बहुतेकांची गाडी तिथेच अडकते. १६० सीसीची नवी गाडी रस्त्यावर यायला सव्वा लाखाच्या पुढे जाते. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, किमती उतरल्या, हे खरं. पण उतरलेल्या किमतीत स्वस्त गाडी घेण्याऐवजी पोरं तेवढ्याच पैशात मोठी गाडी बघायला लागली. समजा एक लाखाचं कर्ज काढलं. शोरूममधला माणूस म्हणतो, "फक्त १० टक्के, तीन वर्षं." हा बहुतेक वेळा फ्लॅट दर असतो. म्हणजे तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत जाता, तरी व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण एक लाखावर लागतं. तीन वर्षांचं व्याज ३०,०००, हप्ता सुमारे ३,६११. उरलेल्या मुद्दलावर व्याज लावायच्या पद्धतीनं हाच दर मोजला तर तो १० नाही, १८ टक्क्यांच्या आसपास निघतो. प्रोसेसिंग फी आणि कागदपत्रांचा खर्च त्यात धरलेलाच नाही.

हे ओळखायला फार शिकलेलं असावं लागत नाही. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार अशा कर्जासाठी 'की फॅक्ट्स स्टेटमेंट' नावाचा कागद ग्राहकाला द्यावाच लागतो. त्यात वर्षाचा खरा दर, म्हणजे एपीआर, लिहिलेला असतो. सही करण्याआधी तो मागा. "नंतर व्हॉट्सॲपवर पाठवतो" म्हणाले, तर तुम्हीही नंतर या.

व्याजाबद्दल आपल्या मोहल्ल्यात बोलणं खूप होतं. चहाच्या टपरीवर व्याज हराम म्हणणारा संध्याकाळी शोरूममध्ये जाऊन हप्त्याच्या कागदावर सही करतो, कारण तिथे त्याला व्याज न म्हणता ईएमआय म्हणतात. दिनाचा प्रश्न ज्यानं त्यानं आपल्या मनाशी आणि आपल्या आलिमांशी सोडवावा. मी काउंटरवरचा माणूस, मला फक्त बेरीज कळते. आणि बेरीज अशी आहे: पगार १५,०००. हप्ता ३,६००. रोज ३० किलोमीटर धरले तर महिन्याला ७८० किलोमीटर. १६० सीसीची गाडी ४५ चं मायलेज देत असेल तर १७ लिटरच्या वर पेट्रोल, म्हणजे १,८०० च्या आसपास. सर्व्हिसिंग, विमा, टायर, पीयूसी यांचे महिन्याला सरासरी चार-पाचशे. झाले जवळजवळ सहा हजार. पगाराचे चाळीस टक्के गाडीखाली. मग घरात एक दिवस बोलणं निघतं, की बहिणीला यंदा कॉलेजला घालायचं की वर्षभर थांबवायचं. गाडीचा हप्ता थांबवता येत नाही, बहिणीला थांबवता येतं. म्हणून ती थांबते. त्या बोलण्यात गाडीचं नावही निघत नाही.

आता पर्याय. पाच-सहा वर्षं वापरलेली १०० सीसीची गाडी, स्प्लेंडर, प्लॅटिना, सीटी, यातली कुठलीही. आमच्या भागात चांगल्या स्थितीतली ४० ते ५० हजारांत मिळते. पोरं नाक मुरडतात, म्हणतात, "ही तर दूधवाल्याची गाडी." दूधवाला रोज पहाटे दोन-दोन कॅन लावून पन्नास किलोमीटर हिंडतो आणि वर्षानुवर्षं तीच गाडी वापरतो, त्याला गाडीतलं तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं. स्प्लेंडरचं ९७.२ सीसीचं इंजिन न उघडलेला मिस्त्री मी अजून पाहिलेला नाही. तिचा चेन सेट, क्लच प्लेट, ब्रेक शू खेड्यातल्या दुकानातही मिळतात आणि त्या मोठ्या गाड्यांच्या मानानं बऱ्याच स्वस्त असतात. लिटरला ६० धरले तरी महिन्याचं पेट्रोल १३ लिटर. नुसत्या पेट्रोलमध्ये साडेचारशेच्या आसपास वाचतात. शिवाय ही गाडी विकायला काढली की गिऱ्हाईक दारात येतं.

सेकंडहँड गाडी बघायला सकाळी जा, आणि मालकाला आधीच सांगा की इंजिन गरम करून ठेवू नका. थंड इंजिन दोन-तीन किकमध्ये चालू व्हायला हवं. चालू झाल्यावर सायलेन्सरमधून निळसर धूर येत राहिला तर ती ऑइल जाळतेय, ब्लॉक-पिस्टनचा खर्च समोर आहे. मोकळ्या रस्त्यावर हळू चालवताना हँडलवरची पकड जरा सैल करून बघा. गाडी एका बाजूला ओढत असेल तर ती कधीतरी आपटलेली आहे. एप्रिल २०१९ नंतरची मिळाली तर बरं. तेव्हापासून १२५ सीसीपर्यंतच्या सगळ्या नव्या गाड्यांना किमान सीबीएस, म्हणजे एका ब्रेकवर दोन्ही चाकं आवरणारी व्यवस्था, सक्तीची झाली.

इंजिनपेक्षाही जास्त वेळ कागदांना द्या. नंबर टाकून एम-परिवहन ॲपवर बघा, मालकाचं नाव तेच आहे का, विमा कधीपर्यंत आहे, गाडीवर कुठल्या फायनान्सचा बोजा आहे का. दंडाची चलनं बाकी आहेत का, तेही ऑनलाइन दिसतं. बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि फायनान्सवाल्याची एनओसी घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. मग फॉर्म २९ आणि ३० भरून गाडी नावावर करून घ्या. "भाई, ओळखीतला आहे, नंतर करू," हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता चीड येते. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, की गाडी विकली तरी नोंदणी ज्याच्या नावावर आहे तोच कायद्याच्या नजरेत मालक, अपघाताची भरपाईही त्याच्याकडूनच मागितली जाते. म्हणजे विकणाऱ्यानंही घाई करायला हवी. आणि एक गोष्ट आपण एकमेकांत बोलतो ती इथेही बोलू. नाकाबंदीत लायसन्सवरचं नाव वाचून एखादा प्रश्न जास्तीचा आला, असं आपल्यातल्या अनेकांनी अनुभवलंय. दुसऱ्याच्या नावाची गाडी घेऊन त्या प्रश्नाला तोंड देणं आपल्या पोरांना परवडत नाही. लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी चारही स्वतःकडे चोख ठेवा. डिजिलॉकरमधले चालतात.

हेल्मेटचे पैसे बजेटमध्ये आधी धरा, उरले तर नाही. आयएसआय मार्क, त्याच्या वर आयएस ४१५१ लिहिलेलं. २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १ लाख ६८ हजारांहून जास्त माणसं गेली. हेल्मेट न घातलेली त्यातली ५०,०२९, आणि त्यांत चौदा हजारांवर मागे बसलेली. मागे बसलेली म्हणजे बहुतेक वेळा कोण असतं, ते आपल्या गल्लीत बघा. अम्मीला, बहिणीला मागे बसवणार असाल तर दुसरं हेल्मेट घ्या आणि मागच्या चाकावरची साडी गार्डची जाळी काढू नका. पोरं दिसायला वाईट म्हणून ती पहिल्याच आठवड्यात काढून टाकतात. बुरखा, ओढणी चाकात जाऊन झालेले अपघात आमच्या दुकानासमोरच्या मिस्त्रीला विचारा.

आता चौथ्या उत्तराकडे. लग्नात मिळेलच की.

"आमच्यात हुंडा नसतो, आमच्यात मेहर असतो," असं आपण अभिमानानं सांगतो. मेहर मुलाकडून मुलीकडे जातो. जहेजमधली गाडी उलट्या दिशेनं येते. १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्याला हा फरक नीट कळतो. त्यातल्या हुंड्याच्या व्याख्येतून मेहर नाव घेऊन वगळलाय, मोटारसायकल वगळलेली नाही. मागणी न करता दिलेल्या भेटीला कायद्यात सूट आहे, पण भेटींची यादी ठेवावी लागते, आणि भेट रिवाजाची, देणाऱ्याच्या ऐपतीत बसणारी असावी लागते. आपल्याकडे "आम्ही काही मागितलं नाही" असं म्हणताना गाडीचं मॉडेल कुणाच्या तरी खालाकडून मुलीच्या घरी बरोबर पोचलेलं असतं. ज्या माणसानं आयुष्यभर स्वतः सायकल मारली, तो जावयासाठी फायनान्सच्या कागदावर सही करतो. मी हिशेब लिहितो म्हणून सांगतो, असे हप्ते फेडणारे चाचा आमच्या काउंटरवर येतात. स्वतःच्या गाडीचा टायर बदलायला त्यांच्याकडे पैसे नसतात. "पुढच्या महिन्यात" म्हणतात.

म्हणून लग्नाआधी स्वतःच्या कमाईची जुनी गाडी दारात उभी असणं मला मोठी गोष्ट वाटते. दारात गाडी असली की "मुलाकडे गाडी नाही" हे निमित्तच राहत नाही.

आणि काम चार-पाच किलोमीटरवर असेल तर मोटारसायकल हवीच का, हाही प्रश्न विचारा. मिरज-सांगली-कुपवाड पट्टा सपाट आहे. चिपळूण-महाडच्या भावांना हे मी सांगणार नाही, पण आमच्याकडे सायकल सहज चालते. अडचण चढाची नाही, सोयरिकीची आहे. सायकलवर कामाला जाणाऱ्याला स्थळ येत नाही म्हणे. येणारं स्थळ सायकल बघून परत जात असेल तर एका अर्थी बरंच झालं.

सायकलीचा विषय निघालाय तर बहिणीचं बोलू. बिहारमध्ये २००६ मध्ये नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी २,००० रुपये द्यायला सुरुवात झाली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी त्याचा अभ्यास केला, तो २०१७ मध्ये छापून आला. हायस्कूलमध्ये नाव घालणाऱ्या मुलींचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढलं, मुलगा-मुलगी यांतलं अंतर ४० टक्क्यांनी घटलं, आणि शाळा जिथे लांब होती तिथे फरक जास्त पडला. दोन हजारांत! आपल्या राज्यातही मानव विकास कार्यक्रमात १२५ तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात. तुमचा तालुका त्यात आहे का, शाळेत विचारा. नसला तरी साधी सायकल आज पाच-सात हजारांत येते. म्हणजे त्या एक लाखाच्या कर्जाचे दोन हप्ते.

घेताना जाड टायर, पुढे-मागे शॉकअप, डिस्क ब्रेक असली वजनदार सायकल नको. स्वस्तातले गिअर दोन महिन्यांत खडखडायला लागतात. बिनगिअरची, खाली वाकलेल्या दांड्याची, मडगार्ड, कॅरिअर आणि पूर्ण चेनकव्हर असलेली घ्या. चेनकव्हर नसलं की सलवार चेनमध्ये अडकते, मुलगी रस्त्यात पडते, आणि घरचे म्हणतात, "बघ, सांगितलं होतं ना." मग सायकल जिन्याखाली जाते. दोनशे रुपयांच्या पत्र्यावर मुलीचं कॉलेज अडावं इतकं ते स्वस्त करू नका.

पैसे जमवायचे कसे, हे राहिलं. आम्ही मोहल्ल्यातल्या पंधरा जणांनी गेल्या ईदनंतर भिशी सुरू केली. महिन्याला प्रत्येकी ३,०००. दर महिन्याला एकाच्या हातात ४५,००० येतात, व्याज नाही, फी नाही. हप्त्यापेक्षा सहाशे रुपये कमीच. अट एकच, पंधराही जण एकमेकांच्या घरी जेवलेले असावेत. फोनवर कुणी "महाभिशी" चालवत असेल तर त्याच्या वाऱ्यालाही उभं राहू नका. तिसऱ्या महिन्याची चिठ्ठी एका मुलीच्या नावाची निघाली. लॅबमध्ये नोकरी करते, रात्रीच्या पाळीनंतर रिक्षाला रोज ऐंशी रुपये जातात. तिला सेकंडहँड स्कूटर हवीय. मी तिला सांगितलंय, नंबर टाकून आरसी आधी बघून ठेव, आणि गाडीवर बसून दोन्ही पाय जमिनीला टेकतात का ते बघ. शिकाऊ लायसन्स तिनं काढलंय. पक्क्या लायसन्सच्या चाचणीला तीस दिवस थांबावं लागतं, तेवढ्यात चांगली गाडी सापडेल.