पॅच लिहिणारे शंभर, वाचणारा कोण?

अकोल्यात जठारपेठेत बसून लिनक्स कर्नलमधले बदल वाचतो म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "तुहे किती पॅच मर्ज झाले बे?" किती वाचले, किती अडवले, हे कोणी विचारत नाही. मुलाखतीत तर नाहीच. कमेंटमधलं स्पेलिंग सुधारणारा 'कर्नल कॉन्ट्रिब्युटर' म्हणून मिरवतो. चार दिवस दुसऱ्याचा कोड वाचून "इथे लॉक लवकर सुटतंय" एवढी एक ओळ लिहिणारा मात्र कोणीच नसतो. हे मला साफ चूक वाटतं, आणि मेमरी मॅनेजमेंटच्या बाबतीत धोकादायकही.

वायफायचा ड्रायव्हर बिघडला तर वायफाय जातं. मेमरीतली चूक एका जागी होते आणि भलत्याच जागी, भलत्याच दिवशी उगवते. परत केलेलं पान कोणीतरी अजून धरून बसलेलं असतं. तोवर ते दुसऱ्याच प्रोसेसला मिळालेलं असतं. टेस्ट सगळ्या हिरव्या.

2016 चं 'डर्टी काऊ' प्रकरण बघा. सामायिक पानावर कोणी लिहायला गेलं की कर्नल त्याला वेगळी प्रत काढून देतं. मूळ पान जसंच्या तसं राहतं. दोन थ्रेडची वेळ नेमकी जुळली की हे लिखाण मूळ पानावरच पडायचं. म्हणजे जी फाइल तुम्हाला फक्त वाचता येते, ती बदलता यायची. थेट रूट! तुमच्या खिशातल्या अँड्रॉइडखाली हेच कर्नल असतं, तेही यातून सुटलं नाही. हे भोक 2007 च्या 2.6.22 आवृत्तीपासून उघडं होतं. गंमत म्हणजे टोरवाल्ड्सनी त्याआधीच, 2005 मध्ये, ही शर्यत बुजवायचा प्रयत्न केला होता. आयबीएमच्या एस390 मेनफ्रेमवर अडचण आली म्हणून तो बदल मागे घेतला गेला. तेव्हा ही शर्यत निव्वळ कागदावरची वाटत होती. अखेरची दुरुस्ती वीसेक ओळींच्या आत बसली.

यावर कोणी म्हणेल, इतकी वर्षं कोणाला दिसलं नाही, मग रिव्ह्यूचा उपयोग काय? मी उलट म्हणतो. "ही ओळ काढताय, पण ती आली कशासाठी होती?" असं विचारणारी माणसं कमी पडली की असंच होतं. टेस्ट हा प्रश्न विचारत नाही. कर्नलच्या नियमांतही 'रिव्ह्यूड-बाय' म्हणजे हमी नव्हे. मी तांत्रिक तपासणी केली, शंका लिहिणाऱ्याला कळवल्या, एवढंच त्यात नावानिशी कबूल करायचं असतं. ते एवढंच करायलाही माणूस लागतो.

आता एआय दहा मिनिटांत पॅच काढून देतं. लिहिण्याचा वेळ घटला; वाचण्याचा एक मिनिटही घटलेला नाही. वाचणारे तेवढेच, गठ्ठा मात्र वाढता.

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला तेच ते अटेंडन्स सिस्टीमचं प्रोजेक्ट कायले पाहिजे? एक खरा पॅच द्या, त्याचा इतिहास काढायला लावा, आणि व्हायव्हात एकच विचारा: हा तू अडवला असतास का, आणि कोणत्या ओळीवर?