सूर्य फिरतो की आपण?

मुलांनो, ‘पृथ्वी सूर्याभोवती फिरते’ हे वाक्य आपल्याला कधीचं पाठ आहे. पण उद्या आजोबांनी विचारलं, “अरे, माथेरानच्या डोंगरामागून सूर्य वर येताना मी रोज पाहतो. पृथ्वी हललेली मला कधी जाणवली नाही. तुझ्याकडे पुरावा काय?” तर काय सांगाल? ‘पुस्तकात लिहिलंय’ हे उत्तर चालणार नाही बरं का!

पुरावा आकाशातच आहे. पनवेलच्या दिव्यांमुळे मंद तारे लोपतात, पण ठळक ग्रह गच्चीवरूनही छान दिसतात.

पहिला साक्षीदार शुक्र. तो संध्याकाळी उलवे-उरणच्या बाजूला दिसतो, नाहीतर पहाटे माथेरानच्या बाजूला. मध्यरात्री डोक्यावर कधीच नाही! हात लांब करून मूठ धरली, की ती आकाशात सुमारे १० अंश व्यापते. शुक्र सूर्यापासून साधारण ४७ अंशांपलीकडे, म्हणजे पाच मुठींपलीकडे जातच नाही. १६१० साली गॅलिलिओने त्याच्यावर दुर्बीण रोखली, तेव्हा त्याला चंद्रासारख्या कला दिसल्या. कोर असताना शुक्र मोठा, आणि जवळजवळ पूर्ण असताना अगदी लहान. टॉलेमीच्या जुन्या मांडणीत शुक्र कायम पृथ्वी आणि सूर्य यांच्या मधेच असे. मग त्याची उजळलेली बाजू पूर्ण दिसणार कशी? त्यासाठी त्याला सूर्याच्या पलीकडे जावंच लागेल. म्हणजे शुक्र सूर्याभोवती फिरतो.

दुसरा साक्षीदार मंगळ. एरवी तो ताऱ्यांमधून पूर्वेकडे सरकतो. पण साधारण २६ महिन्यांनी एकदा, काही आठवडे उलटा चालतो. पंचांगात याला ‘वक्री’ म्हणतात. तो खरंच मागे फिरतो का? छे! पेणकडे जाणाऱ्या एसटीत खिडकीशी बसा. बस एखाद्या संथ ट्रकला मागे टाकते, तेव्हा दूरच्या डोंगरासमोर तो ट्रक मागे जातोय असं वाटतं. पृथ्वी सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर धावते, मंगळ सुमारे २४. आपण त्याला मागे टाकतो, तेव्हा तो वक्री दिसतो.

पण थांबा! टायको ब्राहेचं म्हणणं होतं, की बाकीचे ग्रह सूर्याभोवती फिरतात, पण सूर्य त्या सगळ्यांना घेऊन पृथ्वीभोवती फिरतो. शुक्राच्या कला आणि मंगळाचं वक्री होणं, दोन्ही यातही बसतं! त्याची शंकाही रास्त होती. पृथ्वी फिरत असेल, तर जवळचे तारे वर्षभरात थोडे इकडे-तिकडे सरकलेले दिसायला नकोत का?

आपल्या मराठीतही हा विचार चालला होता. सिहोरच्या सुबाजी बापू या पंडितांनी १८३६ साली ‘सिद्धांतशिरोमणिप्रकाश’ हे मराठी पुस्तक लिहिलं. त्यात पुराणं, सिद्धांतग्रंथ आणि कोपर्निकस यांच्या मतांची तुलना केली. दोनच वर्षांनी, १८३८ मध्ये, बेसेलने हंस तारकासमूहातल्या एका ताऱ्याचं सरकणं मोजलं. एका अंशाचे पाच हजार भाग केले, तर त्यातल्या एका भागाहूनही ते कमी होतं! तारे इतके दूर आहेत, म्हणून टायकोला ते दिसलं नव्हतं. शंका खरी होती, मापं अपुरी होती.

तेव्हा आजोबांना सांगा, की पृथ्वी फिरताना जाणवत नाही, पण मोजता येते.

करून पाहा : १९ फेब्रुवारी २०२७ रोजी मंगळ सूर्याच्या बरोबर समोर, सिंह राशीत मघा ताऱ्याजवळ असेल. त्याआधी जानेवारीपासून दर रविवारी रात्री मघा आणि मंगळ यांची जागा वहीत काढा. एप्रिलपर्यंतची चित्रं जोडलीत, की मंगळाची उलटी चाल तुमच्याच वहीत उतरेल. आणि हो, सूर्याकडे दुर्बिणीतून कधीही पाहू नका!