टी-स्क्वेअर घेऊन कोणीही काढेल!

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे मराठीत लिहायला बसले की पेन अडखळतं. सांभाळून घ्या.

होस्टेलच्या भिंतीवर मी ब्रिजेट रायली या ब्रिटिश चित्रकर्तीच्या चित्राची प्रिंट लावली. नुसते उभे रंगीत पट्टे. रूम-पार्टनर म्हणाली, "यात काय विशेष? टी-स्क्वेअर घेऊन कोणीही काढेल!"

काढेल की! रायली स्वतःसुद्धा मोठी चित्रं मदतनिसांकडून रंगवून घेत आली आहे. अवघड काम त्याच्या आधीचं आहे. कोणत्या रंगाशेजारी कोणता रंग, हे ती कागदावर पुन्हा पुन्हा करून ठरवते.

शेजार का महत्त्वाचा? शेवरल नावाचा फ्रेंच केमिस्ट पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात रंगाईचा प्रमुख होता. तक्रार आली की काळा धागा फिका दिसतो. त्याने तपासलं तर रंगात खोट नव्हतीच, शेजारच्या रंगांमुळे तो तसा दिसत होता! 1839 मध्ये त्याने यावर अख्खं पुस्तक लिहिलं.

पट्ट्याला कडा लांबलचक, म्हणून शेजारही भरपूर. 1979-80 च्या हिवाळ्यात रायली इजिप्तला गेली. तिथल्या थडग्यांमधले लाल, निळा, पिवळा, हिरवा, फिरोजी असे मोजकेच रंग घेऊन, जोडीला काळा-पांढरा ठेवून, तिने 1981 मध्ये 'रा' सारखी चित्रं केली. तबल्याचे बोल तरी किती असतात? क्रम आणि वजन बदललं की ताल बदलतो. इथेही तसंच.

आता आपल्याकडे वळू. 1959 मध्ये रायलीनेही चक्क कॉपी केली होती, सरा या फ्रेंच चित्रकाराच्या कूर्बव्वाच्या पुलाच्या चित्राची. सरा रंगांचा विचार कसा करतो, हे तिला हातानं करून समजून घ्यायचं होतं. आणि आपण? काचेखाली बल्ब लावून रात्रभर जीटी मारतो. मीही फर्स्ट इयरला चार शीट्स मारल्या. व्हायव्हात सरांनी एका तुटक रेषेवर बोट ठेवून विचारलं, "ही इथे का?" मी गप्प. रेष अगदी सरळ होती, पण का होती ते मला माहीत नव्हतं.

तिने कॉपी केली ती समजावं म्हणून. आपण करतो ती समजून घ्यायची वेळच येऊ नये म्हणून. मग सांगा, 'कोणीही काढेल' हे वाक्य खरं कोणाला लागू पडतं?